हेम्पजन्य कॅनॅबिनॉइड उत्पादने

हेम्पजन्य कॅनॅबिनॉइड उत्पादने म्हणजे भांगेच्या झाडाच्या (शास्त्रीय नाव : कॅनॅबिस सटायव्हा) कमी मादक वाणांपासून मिळवलेली आणि कॅनॅबिनॉइड वर्गातील रसायने असलेली तेले, गोळ्या, मलमे, खाद्यपदार्थ इत्यादी उत्पादने होत. भारतात अशा उत्पादनाची वैधता ते झाडाच्या कोणत्या भागापासून आणि कोणत्या परवान्याखाली तयार झाले यावर ठरते. वेष्टनावरील 'हेम्प' या शब्दाने ती सिद्ध होत नाही. तसेच वैधता आणि अमली पदार्थ चाचणीचा निकाल या दोन स्वतंत्र बाबी आहेत. नवी मुंबई परिसरात बंदर, जहाजवाहतूक आणि विमान वाहतूक ही रोजगाराची महत्त्वाची क्षेत्रे असल्याने हा फरक तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

नाव आणि गैरसमज

इंग्रजीतील 'हेम्प' हा शब्द अनेक धागादायी वनस्पतींच्या नावांत आढळतो. अंबाडीला 'डेक्कन हेम्प', तागाला (बोरू) 'सन हेम्प' आणि घायपाताच्या एका जातीला 'सिसल हेम्प' म्हटले जाते. या वनस्पतींचा भांगेशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही व त्यांत टीएचसी नसते. प्रस्तुत लेखात हेम्प हा शब्द केवळ भांगेच्या झाडासाठी वापरला आहे. एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. आयुर्वेदात भांगेला 'विजया' असे नाव आहे. महाशिवरात्र व होळीला भांग पिण्याची प्रथा भारताच्या अनेक भागांत आहे.

रासायनिक स्वरूप

भांगेच्या झाडात शंभराहून अधिक कॅनॅबिनॉइड आढळतात. त्यांपैकी डेल्टा-९-टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल (टीएचसी) हे नशा आणणारे मुख्य द्रव्य आहे. ते १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. कॅनॅबिडिऑल (सीबीडी) या द्रव्याने टीएचसीसारखी नशा येत नाही. ताज्या झाडात टीएचसी मुख्यतः आम्लरूपात (टीएचसीए) असते व उष्णता दिल्यावर त्याचे टीएचसीमध्ये रूपांतर होते. म्हणून केवळ टीएचसीचे प्रमाण पाहून कच्च्या मालाची मादकता ठरवता येत नाही.

आम्लाच्या साहाय्याने सीबीडीपासून डेल्टा-८-टीएचसी हे मादक द्रव्य कृत्रिमरीत्या तयार करता येते. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९-टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प मानले. या व्याख्येत फक्त डेल्टा-९ चा उल्लेख असल्याने तेथे डेल्टा-८ उत्पादनांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील कायद्यात ही व्याख्या अधिक कडक करण्यात आली.

भारतातील कायदेशीर स्थिती

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) हा या विषयावरील मुख्य केंद्रीय कायदा आहे. त्यात चरस, गांजा व त्यांची मिश्रणे प्रतिबंधित आहेत. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे येतात. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया तीतून वगळल्या आहेत. २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर आदेश देताना मुंबई उच्च न्यायालयाने, जप्त केलेल्या हिरव्या पाल्यात शेंडे असल्याचे दिसत नसेल तर त्याला सरसकट गांजा म्हणता येणार नाही, अशी भूमिका घेतली.

पाने या व्याख्येबाहेर असली तरी ती सर्वत्र मुक्तपणे विकता येत नाहीत. भांगेचे नियमन राज्यांकडे असून महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो. परवान्याशिवाय भांग बाळगणे वा विकणे हा त्याखाली गुन्हा आहे.

सीबीडीचा एनडीपीएसच्या अनुसूचीत स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र फुलोऱ्यापासून वा राळेपासून काढलेला अर्क कायद्याच्या कक्षेत येतो. डेल्टा-८ सह टीएचसीचे विविध समघटक मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. त्यामुळे अमेरिकेत दुकानात मिळालेली डेल्टा-८ गोळी भारतात आणल्यास ती प्रतिबंधित पदार्थ ठरते. टपाल, कुरिअर किंवा प्रवासी सामान यांपैकी कोणत्याही मार्गाने अशी वस्तू आणणे ही विनापरवाना आयातच होय.

गांजासाठी १ किलोग्रॅम ही 'अल्प' आणि २० किलोग्रॅम ही 'व्यापारी' प्रमाणाची मर्यादा आहे. चरसासाठी ती अनुक्रमे १०० ग्रॅम व १ किलोग्रॅम आहे. व्यापारी प्रमाणासाठी १० ते २० वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाच्या बाबतीत केवळ शुद्ध अमली द्रव्याचे नव्हे, तर तटस्थ पदार्थासह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला.

अधिनियमाच्या कलम १४ नुसार धागा, बिया किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी सरकार लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीसाठी असा परवाना दिला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते.

वैध उत्पादनांचे प्रकार

भारतात वैधरीत्या विकली जाणारी उत्पादने मुख्यतः दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार बियांच्या खाद्यपदार्थांचा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये टीएचसीचे प्रमाण किलोमागे ५ मिलिग्रॅम व तेलात १० मिलिग्रॅम, तर सीबीडीचे प्रमाण ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये अशी अट आहे. सीबीडी तेलाच्या एका छोट्या बाटलीत शेकडो मिलिग्रॅम सीबीडी असू शकते. त्यामुळे बियांचे तेल आणि सीबीडी तेल ही पूर्णतः भिन्न उत्पादने आहेत, जरी दोन्हींच्या वेष्टनावर 'हेम्प' असे लिहिलेले असले तरी.

दुसरा प्रकार पानांच्या अर्कापासून बनवलेल्या आयुर्वेदिक औषधांचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांगेचा समावेश आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक असते. उत्पादकाकडे आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना असावा लागतो.

कॅनॅबिनॉइड असलेली वाफ ओढण्याची उपकरणे या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम, २०१९ नुसार द्रव्यात निकोटिन असो वा नसो, अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी आहे.

सुरक्षितता

सीबीडीवर आधारित शुद्ध औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता दिली. त्याच्या दुष्परिणामांत झोप येणे, जुलाब, भूक मंदावणे आणि यकृतातील विकरांची पातळी वाढणे यांचा समावेश होतो. सीबीडी यकृतातील औषध-चयापचय मंदावते. त्यामुळे रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि अपस्मारावरील क्लोबाझाम यांसारख्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. गर्भवती व स्तनदा स्त्रियांना कॅनॅबिनॉइड टाळण्याचा सल्ला दिला जातो.

खाण्यातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी जाणवतो. परिणाम झाला नाही असे समजून पुन्हा मात्रा घेतल्याने अतिसेवन होते. मिठाईसारख्या दिसणाऱ्या गोळ्यांमुळे लहान मुलांना चुकून विषबाधा होण्याचा धोका असतो.

वेष्टनावरील माहिती नेहमीच विश्वसनीय नसते. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी केवळ २६ उत्पादनांवरील प्रमाण अचूक आढळले. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. भांगेचे झाड जमिनीतील जड धातू शोषून घेते, म्हणून त्या विशिष्ट उत्पादन-गटाचा (बॅच) स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल महत्त्वाचा ठरतो.

अमली पदार्थ चाचणी

लघवीच्या नेहमीच्या चाचणीत सीबीडी शोधले जात नाही. टीएचसीच्या चयापचयातून तयार होणारे कार्बॉक्सी-टीएचसी हे द्रव्य शोधले जाते. प्राथमिक चाचणीसाठी मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि वस्तुमान वर्णपटमापनाने होणाऱ्या खात्रीच्या चाचणीसाठी १५ नॅनोग्रॅम ही मर्यादा प्रचलित आहे. एखाद्या वेळी सेवन केल्यास हे द्रव्य साधारणतः काही दिवस, तर नियमित सेवनानंतर काही आठवडे सापडू शकते. कारण टीएचसी शरीरातील चरबीत साठते.

टीएचसी वैध औषधातून आले की गांजातून, हे चाचणी सांगत नाही. खात्रीच्या चाचणीने केवळ प्राथमिक चाचणीतील चूक दूर होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात सहा जणांना सीबीडीप्रधान भांगेची वाफ देण्यात आली. तिच्यात १०० मिलिग्रॅम सीबीडीसोबत केवळ ३.७ मिलिग्रॅम टीएचसी होते. तरीही दोघांच्या लघवीचा निकाल होकारार्थी आला.

नवी मुंबईच्या संदर्भात

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे देशातील प्रमुख कंटेनर बंदर आहे आणि करावे येथील 'चाणक्य' प्रशिक्षण संस्थेत व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडतात. जहाज कंपन्या नेमणुकीपूर्वी व सेवेदरम्यान अमली पदार्थ चाचण्या घेतात. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वैमानिक, केबिन कर्मचारी व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दरवर्षी किमान १० टक्के व्यक्तींची यादृच्छिक चाचणी घेतली जाते. तपासल्या जाणाऱ्या द्रव्यांत भांगवर्गीय द्रव्यांचा समावेश आहे. खात्रीच्या चाचणीत दोषी आढळलेल्या व्यक्तीला कामावरून दूर ठेवून व्यसनमुक्ती उपचारांसाठी पाठवले जाते.

क्रीडाक्षेत्राचे निकष वेगळे आहेत. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडीला प्रतिबंधित यादीतून वगळले. मात्र इतर कॅनॅबिनॉइड स्पर्धाकाळात प्रतिबंधितच आहेत. कार्बॉक्सी-टीएचसीसाठी मर्यादा मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅम, म्हणजे नोकरीतील खात्रीच्या चाचणीच्या दहापट आहे. त्यामुळे एकच नमुना खेळाडूसाठी निर्दोष आणि खलाशासाठी दोषी ठरू शकतो.