भूकंपभाराची बदलती संकल्पना : कोयना धरणाच्या संदर्भात

प्रस्तावना

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसर तीव्र भूकंपाने हादरला. सुमारे 180 जणांना प्राण गमवावे लागले. 103 मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले. मात्र त्याच्या वरच्या भागात दोन्ही मुखांवर आडव्या भेगा पडल्या. नियमानुसार संकल्पित केलेल्या धरणाला भेगा का पडाव्यात, या प्रश्नातून भूकंपभाराविषयीच्या विचाराला नवी दिशा मिळाली. प्रस्तुत लेखात या वैचारिक स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

स्थिर भाराची परंपरा

तोशिकाता सानो यांनी 1916 मध्ये जपानमध्ये भूकंप गुणांकाची कल्पना मांडली. वजनाचा ठरावीक अंश आडव्या बलाच्या रूपाने बांधकामावर लावावा, असे तिचे स्वरूप होते. दख्खनचे पठार त्या काळी स्थिर मानले जात असल्याने कोयनेसाठी हा गुणांक 0.05, म्हणजे वजनाच्या पाच टक्के, धरला गेला. धरणातील त्वरणमापकाने मात्र प्रवाहाच्या दिशेने 0.49 आणि धरणाच्या अक्षाच्या दिशेने 0.63 गुरुत्वत्वरण इतकी कमाल नोंद केली.

आकड्यांतील ही तफावत मोठी होती. परंतु मूळ दोष गृहीतकात होता. स्थिर गुणांकात धरणाचा पायथा व माथा सारखेच हलतात असे मानले जाते. प्रत्यक्षात धरण लवचीक असल्याने माथ्याकडील हालचाल कित्येक पटींनी वाढते.

नोंदीवर आधारित विश्लेषण

रे क्लफ यांनी 1960 मध्ये 'फायनाइट एलिमेंट' ही संज्ञा रूढ केली. 1966 मध्ये क्लफ व अनिल चोप्रा यांनी ही पद्धती मातीच्या धरणांच्या भूकंपविश्लेषणासाठी वापरली. पुढे चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी कोयनेची त्वरणनोंद क्षणाक्षणाने प्रतिमानाला देऊन 1973 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागील मुखाचा उतार जेथे बदलतो, त्या पातळीजवळ काँक्रीटच्या क्षमतेपेक्षा अधिक ताण निर्माण होतो, असे त्यांतून दिसले. प्रत्यक्ष भेगाही त्याच भागात होत्या.

पायाचा प्रश्न

तथापि, पायाचा खडक दृढ मानल्यास धरणातून पायात परतणारी ऊर्जा हिशेबात येत नाही. खडकाचा काही भाग प्रतिमानात घेतला, तर त्याच्या कृत्रिम सीमेवरून लहरी परावर्तित होतात. लायस्मर व कुहलमेयर यांनी 1969 मध्ये सुचविलेली शोषक सीमा हा त्यावरील एक उपाय होय. शिवाय, पृष्ठभागावरील नोंद खोलवरच्या तळाशी जशीच्या तशी लावणे सदोष ठरते; वस्तुमान असलेल्या खडकातून वर येताना तिचे स्वरूप बदलते. म्हणून तळाशी द्यावयाची गती पृष्ठभागावरील नोंदीवरून उलट गणिताने काढावी लागते.

समारोप

भेगाळलेल्या धरणाला पुढे मागील बाजूने आधारभिंती देऊन बळकटी देण्यात आली. कोयनेची नोंद आजही नव्या गणनपद्धती पडताळण्यासाठी वापरली जाते. प्रतिमान कितीही सूक्ष्म असले, तरी भार कोठे, कोणत्या स्वरूपात व कोणत्या गृहीतकाने लावला, हे तपासल्याविना त्याच्या उत्तरावर विसंबणे योग्य नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.