लिनक्सचा डेस्कटॉप आणि मराठी अक्षर

लिनक्सवरचा नवा डेस्कटॉप रोजच्या कामासाठी वापरून पाहायचा, तर नेमके काय पाहायचे? उत्तर बहुधा रंग, खिडक्या आणि वेग यांपाशी थांबते. मराठीत लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी मात्र आधी अक्षर पाहावे, असे आम्हास वाटते.

१९९६ साली मॅथियस एट्रिच यांनी केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. केडीई ज्या क्यूटी या साधनसंचावर उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. त्या आक्षेपातून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले. मराठीच्या दृष्टीने या वादापेक्षा २००२ हे साल मोलाचे. त्या वर्षीच्या ग्नोम २.० सोबत 'पँगो' ही अक्षरजुळणीची व्यवस्था आली. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व, जपानी 'गो' म्हणजे भाषा. युनिकोडमधील सुटे वर्ण जोडून जोडाक्षर दाखवणे आणि उर्दूची ओळ उजवीकडून मांडणे, ही दोन्ही कामे तिच्याकडे होती.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक इथले, आणि उर्दू गझलेच्या इतिहासात वली औरंगाबादी हे नावही याच शहराचे. वली आणि मराठी गझल यांवरच्या प्रबंधात दोन्ही लिप्या एकाच पानावर याव्या लागतात. जुन्या डीटीपी फाँटांत रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असे. तो फाँट नसेल तर मजकुराचे निरर्थक रोमन कडबोळे उरे.

पुढे पँगो आणि क्यूटी या दोहोंतील अक्षरजुळणीचे काम 'हर्फबझ' या एकाच प्रकल्पात एकवटले. हे नाव फारसीतून घेतलेले. त्यातला 'हर्फ' म्हणजे अक्षर. परवान्यावरून वेगळे झालेले दोन डेस्कटॉप अखेर अक्षरापाशी एकत्र आले.

तरीही परीक्षा संपत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, आणि ते केवळ रफार व अर्ध्या ऱ्याच्या आकारावर तोललेले आहे. हिंदीला या भेदाची गरज नसल्याने केवळ हिंदीवर पारखलेली व्यवस्था इथे चुकू शकते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीचा मजकूर 'अ' आणि चंद्र जोडून लिहिलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोड मात्र त्यांना एक मानत नाही. म्हणून साध्या शोधात एक टंकले तर दुसरे निसटते. मोडीला तर २०१४ पर्यंत युनिकोडमध्ये जागाच नव्हती.

तेव्हा नवा डेस्कटॉप हाती आला की सजावट नंतर पाहावी. आधी आचार्यांना आणि आचाऱ्यांना एका ओळीत बसवावे, मग जुन्या लेखातला एखादा 'ॲ' शोधावा. दिसणारे अक्षर सापडत नसेल, तर उद्याच्या अभ्यासकासाठी ते पान नसल्यातच जमा आहे.