नाव बदललं, नाल्याची वाट बदलली का?

परवा भोगावतीच्या पुलावर थांबलो. खाली नदी म्हणावी असं काही नव्हतं. काळं पाणी, फेस आणि नाकाला रुमाल. ही नदी अशी का झाली, याचा इतिहास थोडा मागून बघू.

आपलं तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळातली मोठी बाजारपेठ. त्याच काळातल्या नेवाशाचं उत्खनन 1954 ते 56 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली झालं. तिथे भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचलेले शोषखड्डे सापडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांडपाणी जमिनीत जिरवत होता. आपल्या आजीच्या काळातही मोरीचं पाणी परसातल्या केळीला, अळूलाच जायचं. मुळात पाणीच घागरीनं यायचं, तर सांडणार किती?

मग नळ आले, घरोघरी संडास आले. आता तर लांबून उजनीचं पाणी आणतो. आलेल्या पाण्यातलं बहुतेक पाणी मोरीतून बाहेर पडतं. ते जाणार कुठं? उताराला, म्हणजे नदीत.

1908 मध्ये मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं. त्यानंतर सर विश्वेश्वरय्यांनी पूरनियंत्रणाची आणि भुयारी गटारांचीही आखणी केली. ज्या उस्मान अली खान यांच्या नावावरून आपलं गाव उस्मानाबाद झालं, त्यांच्याच राजवटीत राजधानीत ही गटारं झाली. आपण त्याच संस्थानात, पण कोपऱ्यात. आणि एवढं होऊनही मुसी आज देशातल्या अतिप्रदूषित नद्यांत मोजली जाते. कारण नुसत्या गटारानं घाण संपत नाही, तिची फक्त जागा बदलते.

घाण संपवतात जिवाणू. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं, की टाकीत हवा सोडली आणि खाली बसलेला जिवाणूंचा गाळ टाकून न देता पुन्हा वापरला, तर कित्येक आठवड्यांचं काम काही तासांत होतं. आजचे बरेच प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. आधी जाळी, मग वाळू-माती खाली बसवायची, मग हवा, गाळ वेगळा करायचा आणि शेवटी क्लोरीन.

हे काम टाकीत झालं नाही, तर जिवाणू ते नदीत करतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे मरतात, ते यामुळं. हा भार मोजायचं माप म्हणजे बीओडी. आंघोळीलायक नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. कच्च्या सांडपाण्यात तो दोनशेच्या घरात असतो.

म्हणून भुयारी गटाराची गोष्ट निघाली की फक्त रस्ते कधी बुजवणार एवढंच विचारू नका. पाइपाच्या शेवटी प्रकल्प रोज चालणार का? त्याचं वीजबिल कोण भरणार? बीओडीचे आकडे चौकात लागतील का? शुद्ध केलेलं पाणी कुणाच्या शेताला? दुष्काळी जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न लहान नाही.

2023 मध्ये गावाचं नाव पुन्हा धाराशिव झालं. नावात धार आहे. ती नदीत कधी दिसणार?

भोगावतीत पोहलेली, कपडे धुतलेली जुनी माणसं घरात असतील तर त्यांना विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. नदी कशी होती, हे नोंदवून ठेवायला हवं.