बिल्लासुर्गमची हाडे

आंध्रात बेतमचेर्लाजवळ बिल्लासुर्गमच्या चुनखडकातील गुहा आहेत. तिथल्या हाडांची नोंद १८४४ साली कॅप्टन न्यूबोल्डने केली. पुढे मानवाच्या उगमाचा माग लागेल या आशेने हक्स्लीने मद्रासच्या गव्हर्नरकडे या गुहांचा विषय काढला, आणि १८८३ ते १८८५ या काळात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट व त्याचा मुलगा हेन्री यांनी तिथे उत्खनन केले. हाती लागली ती मुख्यतः जनावरांची हाडे. लायडेकरने १८८६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत गेंडाही होता.

माझ्या मते या गुहांचे खरे मोल त्या जनावरांतच आहे. २०१४ मध्ये थरांचे वय ठरवून झालेल्या अभ्यासात सस्तन प्राण्यांचे २१ प्रकार ओळखले गेले. त्यांपैकी २० किमान एक लाख वर्षांपासून आजवर टिकून आहेत. दरम्यान अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले कितीतरी मोठे प्राणी नामशेष झाले.

मात्र याच अभ्यासाने दाखवले, की हवामान आणि माणसाच्या रेट्याने प्राण्यांच्या वस्त्या सरकल्या. गेंड्याची हाडे कर्नूलच्या गुहेत मिळतात. जिवंत गेंडा पाहायला आपण आसाम गाठतो. जात टिकली, तरी जागा सुटत जाते. नामशेषांच्या यादीत ही हानी दिसत नाही. ती अशा गुहांतच वाचता येते.