न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : एका विद्यार्थ्याची न्यायासनापर्यंतची वाटचाल



ठाण्याच्या न्यायालयाची इमारत आपण सर्वांनी बाहेरून पाहिलेली आहे. माजिवड्याहून तिथे जायला फार वेळ लागत नाही. परंतु ‘आपलाही मुलगा किंवा मुलगी एक दिवस त्या न्यायासनावर बसू शकेल’ हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? ज्या काळी असा विचार करणेही अशक्य वाटे, त्या काळी आपल्याच समाजातील एका मुलाने ही मजल मारली. त्याची हकिकत या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणासमोर ठेवीत आहे.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यबअली हे खंबायतकडून आलेल्या सुलेमानी बोहरा घराण्यातील व्यापारी. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी 1853 साली प्रथम धावली, तेव्हा बद्रुद्दीन आठ वर्षांचे होते. इंग्रजी शिकल्याने मुलगा धर्माला पारखा होईल, ही भीती तेव्हा घरोघरी होती. तय्यबअलींनी ती बाजूला सारली. मुलाला आधी मदरशात उर्दू-फारसी शिकवली, मग एल्फिन्स्टन संस्थेत घातले आणि 1860 साली थेट विलायतेला धाडले. थोरला मुलगा कमरुद्दीन तर त्याआधीच तिथे सॉलिसिटर झाला होता.

विद्यार्थी मित्रांनो, पुढचा भाग नीट वाचा. लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास चालू असताना बद्रुद्दीन यांची दृष्टी अधू होऊ लागली. 1864 साली शिक्षण अर्धवट सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. अशा वेळी ‘नशिबात नव्हते’ म्हणून दुकानावर बसणे सोपे होते. पण पुढच्याच वर्षी ते पुन्हा बोटीत चढले. 1867 साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईत परतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. तोपर्यंत हे क्षेत्र इंग्रजांचेच होते.

पैसा आणि नाव मिळाल्यावर त्यांनी समाजाकडे पाठ फिरवली नाही. 1874 साली भाऊ कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1880 साली तिची शाळा सुरू झाली. फिरोजशहा मेहता व काशिनाथपंत तेलंग यांच्यासोबत त्यांनी सार्वजनिक कार्य केले आणि 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. सर सय्यद अहमद खान यांना काँग्रेस मान्य नव्हती, यावरून दोघांत मतभेद झाले. मात्र समाजाने आधुनिक शिक्षण घेतले पाहिजे, याविषयी दोघांचे एकमत होते.

1895 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ठाण्यासारख्या जिल्ह्यांतील खटले तिथे अपिलात जात. परंतु मुंबई शहरातील मोठे दावे व गंभीर फौजदारी खटले उच्च न्यायालयातच प्रथम उभे राहत. म्हणजे न्यायाधीशाने स्वतः साक्षीदार ऐकायचे, वकिलांचे युक्तिवाद तोलायचे आणि निर्णय द्यायचा.

त्यांची खरी कसोटी लागली 1897 साली. पुण्यात प्लेगच्या दिवसांत रँडवर गोळी झाडली गेली आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने ‘केसरी’तील लेखनासाठी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सरकार खवळलेले होते. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. 4 ऑगस्टला बॅरिस्टर दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. तय्यबजींनी पाहिले ते एवढेच : हा मनुष्य खटल्याच्या दिवशी हजर राहील की नाही? राहणार असेल, तर बचावाची तयारी करण्यासाठी त्याला मोकळे सोडले पाहिजे. कारण गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. त्यांनी जामीन मंजूर केला.

पुढे खटला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीतील सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 1908 साली टिळकांवर पुन्हा खटला झाला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कायद्याची पुस्तके तीच असतात. त्यामागे माणूस कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

1902 साली तय्यबजींनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. मुंबईत हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. ऑगस्ट 1906 मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मुलींना घराबाहेर शिकायला पाठविणे निषिद्ध मानले जाई, त्या काळात तय्यबजींनी आपल्या मुलींना शाळेत घातले. 1903 साली मुंबईत भरलेल्या मोहमेडन शैक्षणिक परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी स्त्रीशिक्षणाचा जाहीर पुरस्कार केला. आज सातवी-आठवीनंतर ‘आता पुरे’ म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला अडकवताना, किंवा एकदा नापास झालेल्या मुलाला गॅरेजवर लावताना, क्षणभर थांबा. दृष्टी अधू झालेल्या मुलाला पुन्हा बोटीत बसवून देणाऱ्या त्या घराची आठवण करा. तय्यबजींचे घर सधन होते, हे खरे. म्हणूनच तर त्यांनी अंजुमन उभारली, कारण प्रत्येक घराला एवढा खर्च झेपत नाही, हे ते जाणून होते. जे एका कुटुंबाला झेपत नाही ते समाजाने मिळून करावे, यासाठीच शिक्षण संस्था असतात. आपण आपल्या मुलांना शाळेत टिकवून धरा, एवढीच नम्र विनंती.