श्वासयंत्र आणि शरियत

मृत्यू ओळखण्यासाठी जुन्या इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी काही बाह्य खुणा नोंदवून ठेवल्या होत्या. पावले सैल पडणे, नाक एका बाजूस कलणे, कानशिले आत जाणे, चेहऱ्याची कातडी ताणली जाणे. 'रूह' म्हणजे आत्मा देह सोडताना कोणास दिसत नाही, दिसतात त्या केवळ त्याच्या जाण्याच्या खुणा, ही त्यामागची धारणा. शंका असेल तर थांबावे, दफनाची घाई करू नये, असाही दंडक होता. कित्येक शतके एवढे पुरले.

१९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. रुग्णांच्या फुप्फुसांत बाहेरून हवा भरून त्यांना जगविण्याची रीत तेथून रूढ झाली. पुढे यंत्रे आली. मेंदू पूर्ण निकामी झालेल्याचीही छाती वरखाली होत राहिली, अंग उबदार राहिले आणि जुन्या खुणा मुक्या झाल्या. १९५७ साली भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न पोप बारावे पायस ह्यांच्यापुढे मांडला. मृत्यूचा क्षण ठरविणे हे वैद्यांचे काम आहे, ख्रिस्तसभेचे नव्हे, असे त्यांनी सांगितल्याचे आपल्या काही वाचकांना स्मरत असेल.

इस्लाममध्ये असे एकच पीठ नाही. तेथे परिषदा भरतात, विद्वान वाद घालतात. १९८५ साली कुवेत येथे डॉक्टर व धर्मशास्त्रज्ञ ह्याच विषयासाठी एकत्र बसले. १९८६ च्या ऑक्टोबरात अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने निर्णय दिला: हृदय व श्वास कायमचे थांबले, किंवा मेंदूचे सारे कार्य कायमचे बंद पडून तो विघटित होऊ लागला आणि तज्ज्ञांनी तसे ठरविले, तर मनुष्य मृत समजावा, मग हृदय यंत्राच्या बळावर चालत असले तरी. पुढच्याच वर्षी मक्केच्या फिक्ह परिषदेने मात्र वेगळी वाट धरली. तीन तज्ज्ञांच्या मतानंतर यंत्र काढण्यास तिची हरकत नव्हती. पण धर्माच्या दृष्टीने मृत्यू मानायचा तो यंत्र काढल्यावर श्वास व हृदय थांबतील तेव्हाच.

हा शब्दच्छल नव्हे. विधवेची चार महिने दहा दिवसांची 'इद्दत' मृत्यूच्या क्षणापासून मोजतात. वारसाहक्कही त्याच क्षणी ठरतो. एकाच अपघातात बाप आणि लेक यंत्रावर असतील, तर आधी कोण गेला ह्यावर घरादाराची वाटणी अवलंबून राहते. आम्हांस मक्केची सावधगिरी पटते. परंतु तिच्यामुळे यकृताची वाट पाहणारा रुग्ण अडचणीत येतो, हेही खरे. धडधडत्या हृदयाच्या देहातून काढलेले अवयवच रोपणास उत्तम असतात.

१९८८ साली जेद्दाह येथे त्याच अकादमीने मृताने जिवंतपणी किंवा त्याच्या वारसांनी संमती दिल्यास अवयवदानास मान्यता दिली; विक्रीस मात्र सक्त मनाई केली. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी ह्यांच्यासारख्यांचा तर अवयवरोपणालाच विरोध होता. देह ही अल्लाची अमानत. ती ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नव्हे, असे ह्या बाजूचे म्हणणे. हा युक्तिवाद आम्हांस परका वाटत नाही.

आपल्या देशात १९९४ साली अवयवरोपणाचा कायदा झाला. आरंभी तो गोवा, महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूचा मृत्यू प्रमाणित करते, सहा तासांनी पुन्हा तपासते, आणि मग नातेवाइकांना विचारले जाते. अम्मानचा निर्णय मानणारे मुसलमान कुटुंब त्या कागदावर सही करू शकते. मक्केचा मानणारे यंत्र बंद करण्यास होकार देते आणि हृदय थांबेपर्यंत खाटेजवळ बसून राहते.