लुगड्याचा काच आणि डॉ. खानोलकर

आजचा भाग सोनईतल्या आमच्या घरापासून सुरू करतो. आजी नऊवारी लुगडं नेसायची, आत परकर नाही. उसात खुरपायला जायचं म्हणजे गाठ घट्टच हवी. तिच्या कमरेला काळा, जाडसर पट्टा पडला होता. विचारलं की म्हणायची, "लुगड्याचा काच हाय बाबा, समद्या बायांना असतो." खरंच सगळ्यांना असायचा, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मुंबईत एका माणसाला वाटलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर, जन्म १८९५चा, लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजी शिकून आलेले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. पॅथॉलॉजिस्टच्या हातात येतो तो मांसाचा तुकडा. माणूस दूर वॉर्डात. खानोलकर मात्र तो माणूस काय चघळतो, काय ओढतो, काय नेसतो, याच्याही मागे लागले.

१९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर निबंध छापला. भारतातले तीन नवे प्रकार: एक खैनीचा, दुसरा पेटतं टोक तोंडात धरून ओढायच्या चुट्ट्याचा. आणि तिसरा चक्क धोतराचा! वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेलं कापड, घाम, घासणं. कातडी काळवंडते, जाड होते, चिरते. ती जखम भरत नाही, आणि क्वचित कुणाच्या तिथंच त्वचेचा कॅन्सर उभा राहतो. काश्मिरातला कांगडीचा कॅन्सर आधीपासून माहीत होता, पण तिथं निखाऱ्याची धग असते. इथं नुसता काच.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया, आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट गाठ काढायची. पण कारण सापडल्यामुळे त्याच्याही आधीचा उपाय हाती आला होता: गाठ सैल बांधा, जागा बदला. फुकटातला उपाय. खानोलकर पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, १९५४ला पद्मभूषण मिळालं. सैल गाठीची गोष्ट मात्र आमच्या उसाच्या फडापर्यंत काही आली नाही.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसणारी. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

ते वाचून मी सोनईला आईला फोन लावला. आधी हसली. मग जरा थांबून म्हणाली, "नाडीच्या जागी खाज येते खरी."